मद्यपान, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब : वयोमानानुसार विचार

तळा परिसरातील अनेक घरांतील कर्ते पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस असतात. शिमगा व गणेशोत्सवास ते गावी आले की कोणी ना कोणी आम्हांस विचारतोच, "साहेब, थोडी घेतलेली हृदयाला चांगली ना?" आम्ही वैद्यकीय क्षेत्रातील नाही, परंतु जमाखर्चाची सवय असल्याने दोन्ही बाजू येथे मांडीत आहोत.

जमेस एकच रक्कम दाखविली जाते. मद्याने एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, काहीसे वाढते हे खरे. मात्र तेवढ्याने हृदयविकार टळतो असे सिद्ध झालेले नाही. खर्चाच्या बाजूस ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी व रक्तदाब या दोहोंची वाढ येते. अधिक वाइन पिणाऱ्या फ्रेंच सैनिकांत उच्च रक्तदाब अधिक आढळतो, ही नोंद 1915 सालची आहे. चीनमधील सुमारे 5 लाख प्रौढांच्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बेताच्या मद्यपानाने पक्षाघातापासून संरक्षण मिळत नसल्याचे दिसून आले.

तिशीत रक्तदाब वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही. म्हणून तपासणीही होत नाही. चाळिशी-पन्नाशीत पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड व रक्तदाब अनेकदा हातात हात घालून वाढतात. साठीनंतर रक्तवाहिन्या ताठर होतात, शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते आणि पूर्वीइतकेच मद्य अधिक बाधते. सबब, "इतकी वर्षे काही झाले नाही" हा पुरावा नव्हे.

पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तळ्याहून मोठे शहर गाठण्यातच त्यातील बराचसा वेळ खर्ची पडतो. कर्ता पुरुष अंथरुणास खिळला की अवघ्या घराचा ताळेबंद बिघडतो.

समाधानाची गोष्ट ही की, हे नुकसान काही अंशी भरून निघते. रोज सहांहून अधिक पेग घेणाऱ्यांनी प्रमाण निम्म्यावर आणले असता वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 5.5 अंकांनी उतरल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात आढळले. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य बंद केल्यास कंप, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने थांबवू नये.

रुग्णांच्या आप्तांस आमची नम्र विनंती आहे की, येत्या सणास घरी येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा, मग तो पंचविशीचा असो वा सत्तरीचा, रक्तदाब एकदा अवश्य मोजवून घ्यावा.