मिरजेचे मिशन

आमच्याकडे आजार बळावला की थोरली माणसे म्हणतात, 'मिरजेला न्या.' मिरजेचे हे नाव प्रेसबिटेरियन मिशनमुळे झाले, हे मला उशिरा कळले. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात सुरू केलेले काम १८७० साली अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळाकडे आले. पुढे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले. जागा संस्थानिकांची, इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या कॉन्व्हर्स यांचा. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी येथे थबकलो. हा पैसा रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यातला, आणि आपले मराठी-कानडी रोगी मिरज जंक्शनवर उतरत तेही रेल्वेनेच! १८९७ साली तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले.

ही सेवा की धर्मप्रसार, हा वाद आमच्या घरीही चाले. तावातावाने वाद घालणाऱ्या आजोबांचा मोतीबिंदू मात्र मिरजेतच काढला.