पुस्तकाच्या वर्णनातील सूचना : मजकूर सांगावा, निवाडा देऊ नये

डोळस वाचक पुस्तक विकत घेण्याआधी ते चाळतो. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधली दोन-चार पाने पाहिली की आत काय असेल याचा त्याला अंदाज येतो. दृष्टिहीन वाचकाला ही सोय नाही. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’सारख्या डिजिटल ग्रंथालयात पुस्तक निवडताना त्याचा आधार म्हणजे पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि थोडक्यात दिलेले वर्णन. शिवाय पुस्तक बहुधा मोबाइलवर किंवा संगणकावर ऐकायचे असते आणि आसपास घरची माणसे असतात. म्हणून पुस्तकात उघड लैंगिक वर्णन किंवा क्रूर हिंसा असेल, तर ते त्याला आधी कळायला हवे. ही सूचना मराठीत कोणत्या शब्दांत द्यावी, एवढाच प्रश्न मी येथे विचारात घेतला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. सूचना देणे वेगळे आणि मजकूर गाळणे वेगळे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अपंग वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत तयार करता येते. ती मूळ पुस्तकाचीच प्रत असते. दृष्टिहीन वाचकाला ‘जपण्यासाठी’ त्यातला परिच्छेद गाळणे म्हणजे त्याला अज्ञान समजणे होय.

आता शब्दांकडे वळू. ‘अश्लील’ हा शब्द नोंदीत येता कामा नये, कारण तो वर्णन करीत नाही, आरोप करतो. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कथा तीच, शब्द तेच. तरी न्यायालयांचे एकमत झाले नाही. मग नोंद लिहिणाऱ्याने दोन ओळींत तो निकाल कसा द्यावा?

‘प्रौढ’ हा शब्द सौम्य आहे, पण मोघम आहे. ‘प्रौढ शिक्षण’, ‘प्रौढ साक्षरता’ यांमुळे त्याचा अर्थ भलताच लागू शकतो. शिवाय पुस्तकात मारहाण आहे की शृंगार, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची दृष्टिहीनांसाठीची सेवा १९३१पासूनची आहे. तिच्या नोंदींच्या शेवटी अगदी साधी वाक्ये असतात : काही शिवराळ भाषा, काही हिंसा, लैंगिक वर्णने. प्रकार आणि प्रमाण सांगितले की काम झाले. पुस्तक चांगले की वाईट, यावर अवाक्षर नाही. मराठीतही ‘उल्लेख’, ‘काही’, ‘वारंवार’, ‘सविस्तर’ हे चार शब्द प्रमाण सांगायला पुरेसे आहेत.

उदाहरणार्थ, विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ची सूचना मी अशी लिहीन : ‘शिवराळ भाषा वारंवार, मद्यपान, स्त्रियांना मारहाण, लैंगिक संबंधांचे उल्लेख, तीव्र हिंसेचा एक प्रसंग.’ यात शेवट फोडलेला नाही आणि कोणत्याही पात्राच्या चारित्र्यावर शेरा नाही. ‘स्वैर संबंधांची कथा’ असे लिहिले असते, तर ते माझे मत झाले असते.

बोलीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. आम्हा चोपडेकरांना, किंबहुना साऱ्या पेडणे तालुक्याला आणि पलीकडच्या मालवणी मुलखाला, आपुलकीने घातलेली शिवी नवीन नाही. दलित साहित्यातली भाषा तर जगण्यातूनच आलेली. अशा पुस्तकाला ‘असभ्य भाषा’ असे लेबल लावले, तर ती भाषा बोलणाऱ्या माणसांनाच आपण असभ्य ठरवतो. ‘बोलीतील संवाद, शिव्यांचा वापर’ असे लिहावे. त्यात वाचकाला हवी ती माहिती मिळते आणि कुणाचा अपमानही होत नाही.

शिक्षकांना हा वर्गातला चांगला अभ्यास ठरेल. विद्यार्थ्यांनी नुकतेच वाचलेले एखादे पुस्तक घेऊन तीन ओळींचे वर्णन आणि एका ओळीची सूचना लिहावी. मग सूचनेतल्या प्रत्येक शब्दाला विचारावे : हा शब्द पुस्तकात काय आहे ते सांगतो, की मला काय वाटले ते? दुसऱ्या प्रकारचे शब्द खोडावेत. उरलेल्या ओळीवरून पुस्तक ऐकायचे की नाही, आणि कुठे बसून ऐकायचे, हे वाचक स्वतः ठरवील.