गाण्यातील शब्दांना जागा

लग्नसराई आली की अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर हळदीच्या रात्री स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. त्यांवर वाजणारी पुष्कळशी गाणी आता मुंबईच्या स्टुडिओत नव्हे, तर गावातल्याच एखाद्या खोलीत संगणकावर तयार होतात. चाल चांगली असते, गळा चांगला असतो, आणि तरीही गाणे कच्चे वाटते. हा कच्चेपणा कोठून येतो, याचा विचार मला गेल्या वर्षी करावा लागला; कारण तसे एक गाणे आमच्याच घरी तयार झाले.

आम्हा आगरी लोकांत लग्नाचे धवले गाणारी धवलारीण असते. माझी चुलत आजी हे धवले गाते. तिचा एक धवला चुलत भावाने मोबाइलवर मुद्रित केला आणि आम्ही दोघांनी त्यामागे ढोल, बेस, की-बोर्ड व टाळ्या चढवल्या. तीन रात्री हेडफोन लावून बसलो. आम्हांला ते फारच उत्तम वाटले. हळदीला मोठ्या स्पीकरवर लावले तेव्हा अंगण हादरले. पण आजीने शेजारच्या बाईला विचारले, हे कोण गाते आहे? धवल्यात शब्द हेच सर्वस्व, आणि तेच आम्ही बुडवले होते.

मिक्सिंग म्हणजे आवाज वाढवणे अशी आमची समजूत होती. वास्तविक ते जागावाटप आहे. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे नाद ऐकू येतात. ढोलाचा दणका आणि बेस यांचे बळ शंभर हर्ट्झच्या आसपास व त्याखाली असते. स्त्रीच्या आवाजाचा मूळ स्वर दोनशेच्या आगेमागे असतो. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांच्या धारेने, आणि ती धार मुख्यतः २,००० ते ५,००० हर्ट्झमध्ये असते. आमच्या टाळ्या आणि की-बोर्डचा चकचकीत सूर नेमके तेथेच ठाण मांडून बसले होते. आजीचा आवाज वाढवला की टाळ्या दबत, मग टाळ्या वाढवायच्या, मग ढोल. मासळीबाजारात एकीने ओरडले की सगळ्याच ओरडतात, तशातली गत! उपाय उलटा निघाला. की-बोर्डचा तेवढा पट्टा इक्वलायझरने तीन-चार डेसिबल खाली घेतला, टाळ्या कमी केल्या, आणि आजीचा आवाज तसूभरही न वाढवता शब्द वर आले.

दुसरी चूक आमच्या कानांची. आवाज लहान असला की कानाला खर्जाचे नाद फारच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही अगदी हळू आवाजात काम करीत होतो. बेस कमी वाटे, म्हणून वाढवत गेलो. अंगणात तोच बेस राक्षस झाला.

तिसरी चूक मात्र निव्वळ हौसेची. हेडफोनमध्ये आवाज रुंद वाटावा म्हणून आजीच्या आवाजाची एक प्रत डाव्या कानात व दुसरी उलटी करून उजव्या कानात टाकली होती. हळदीच्या स्पीकरांना दोन्ही बाजू एकत्र करून दिलेल्या होत्या. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की पाणी सपाट होते. तसा आजीचा आवाज जवळजवळ पुसला गेला. मिक्स करताना मधूनमधून मोनोमध्ये ऐकले असते तर हे त्याच रात्री कळले असते.

वाद्यांच्या गर्दीविषयी एक उदाहरण देतो. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. यंत्रे तीनच: ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरांना ज्युपिटर-८. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि गाजली. त्यात ठेका, बेस आणि रागाचे सूर अगदी सुटे सुटे ऐकू येतात. आमच्या गाण्यात चौदा ट्रॅक होते. त्यांतले आठ काढून टाकले, कोणाला पत्ताही लागला नाही.

शेवटी लिमिटर लावून गाणे फुगवण्याचा मोह होतो. यूट्यूब ठरावीक पातळीपेक्षा मोठे गाणे आपणच खाली आणते, त्यामुळे पदरात काही पडत नाही. ढोल मात्र चपटा होतो. असो.

नवे मिक्स आम्ही मोबाइलवर ऐकले, भावाच्या मित्राच्या रिक्षात ऐकले, आणि मग आजीला ऐकवले. तिने पहिल्याच ओळीला स्वतःला ओळखले, आणि चौथ्या ओळीत एक शब्द चुकल्याचेही ओळखले. आता ती पुन्हा गाणार आहे. या खेपेस पंखा बंद ठेवायचा आहे. त्याची घरघर इक्वलायझरने काही पुरती निघाली नाही.