ज्युबिली बस स्टेशन ज्युबिली हिल्समध्ये नाही

आदिलाबादहून रात्रीची बस धरली की निर्मल, आर्मूर, कामारेड्डी करत सुमारे 300 किलोमीटर तोडून पहाटे हैदराबाद गाठता येतं. अनेकांचा पहिला मुक्काम असतो सिकंदराबादचं ज्युबिली बस स्टेशन, सगळ्यांच्या तोंडी जेबीएस. बेला, जैनथकडचा मराठी माणूस इथे उतरतो तेव्हा त्याच्या पिशवीत दवाखान्याचे कागद असतात आणि डोक्यात टीव्हीवर पाहिलेलं शहर. पाटीवरचं ‘ज्युबिली’ ऐकून त्याला वाटतं, आपण ज्युबिली हिल्सला आलो. बातम्यांत दिसणारे नेत्यांचे आणि नटांचे बंगले इथेच कुठेतरी असणार. रिक्षावाला सांगतो, “ये सिकंदराबाद है चाचा, जुब्ली हिल्स तो उधर पड़ता.” ते ‘उधर’ तिथून दहाएक किलोमीटर पश्चिमेला आहे.

असे किस्से आदिलाबादकडे घरोघरी ऐकायला मिळतात. कुणी गांधी दवाखान्याऐवजी भलतीकडे उतरलं, कुणी हुसेनसागरातल्या बुद्धाच्या पुतळ्याच्या खुणेवर चालत राहिलं आणि तलावाच्या दुसऱ्याच काठाला लागलं.

यामागे रोजच्या टीव्हीची सवय आहे. हैदराबाद दूरदर्शन 1977 मध्ये सुरू झालं, 1995 मध्ये ईटीव्ही आला, पुढे चोवीस तास बातम्या देणाऱ्या तेलुगू वाहिन्यांची रांग लागली. आदिलाबादच्या मराठी घरात संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या मालिका चालतात; पण कापसाचा भाव, पाऊस, सरकारी योजना समजून घ्यायची तर तेलुगू बातम्याच लावाव्या लागतात. त्या बातम्यांतून हैदराबादचे चौक वर्षानुवर्षं डोळ्यांखालून जातात. न गेलेल्या माणसालाही चारमिनार, टँक बंड, सायबर टॉवर्स, दुर्गम चेरुवूवरचा केबल पूल एका नजरेत ओळखता येतो. ही ओळख खोटी नसते, अर्धी असते. समोर काय आहे ते टीव्ही दाखवतो. ते कुठल्या अंगाला आहे आणि तिथे कसं जायचं, हे त्यात येत नाही.

हुसेनसागरातला बुद्ध हे त्याचं ठळक उदाहरण. 1 डिसेंबर 1992 रोजी उभा केलेला हा एकसंध दगडाचा पुतळा तलावाच्या मधोमध आहे. टँक बंडवरून तो दिसतो, एनटीआर मार्गावरून दिसतो, नेकलेस रोडवरूनही दिसतो. कॅमेरा या तिन्ही रस्त्यांवरून तोच पुतळा टिपतो आणि घरी बसलेल्याला सगळं एकाच जागचं वाटतं. ‘बुद्ध दिसला की आलंच’ असं ठरवून निघालेल्याला म्हणून अख्ख्या तलावाला वळसा पडू शकतो. लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेल्या चित्रात दूरच्या इमारती शेजारी-शेजारी दिसतात, आणि ड्रोनने तर अंतराचा अंदाजच येत नाही. टीव्हीवर मेट्रोच्या दृश्यालगत येणाऱ्या चारमिनारला स्वतःचं मेट्रो स्थानक नाही. जवळचं स्थानक एमजीबीएस. तिथून पुढे दीड-दोन किलोमीटर जावंच लागतं.

खरी गफलत मात्र नावांत होते, आणि ती रुग्णाला महागात पडते. राजकीय बातम्यांत सतत दिसणारं गांधी भवन म्हणजे नामपल्लीतलं काँग्रेसचं कार्यालय. मेट्रोच्या लाल मार्गावर त्या नावाचं स्थानक आहे. गांधी हॉस्पिटल हिरव्या मार्गावर आहे आणि जेबीएसपासून दुसऱ्याच स्थानकावर येतं. म्हणजे दवाखाना हाताशी असताना माणूस ‘गांधी’ एवढंच सांगून शहराच्या दुसऱ्या भागात पोहोचू शकतो. उस्मानियाचं तर विचारू नका. तेलंगण आंदोलनात रोज दिसणारी दगडी इमारत उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची, मेडिकल कॉलेज कोटीला आणि दवाखाना मुसीकाठी अफजलगंजला. निजामाच्या काळातली तीन नावं, तीन वेगळ्या जागा.

चित्र किती जुनं आहे, हेही पाहावं लागतं. उस्मानिया दवाखान्याची घुमटांची जुनी इमारत पडद्यावर अजून येते, पण जुलै 2020 मध्ये पावसाचं पाणी शिरल्यानंतर ती रिकामी करण्यात आली. रुग्णसेवा आवारातल्या दुसऱ्या इमारतींत हलली आणि नव्या दवाखान्याची पायाभरणी 2025 मध्ये गोशामहलला झाली. जुनं सचिवालय पाडून त्याच जागी बांधलेल्या सचिवालयाचं उद्घाटन 30 एप्रिल 2023 रोजी झालं, तरी जुन्या फितींत आधीच्याच इमारती दिसतात. सिकंदराबाद रेल्वे स्टेशनची ओळखीची दर्शनी इमारत पुनर्विकासात गेली. जानेवारी 2025 पासून चेर्लापल्लीचं नवं टर्मिनल सुरू झालं आहे, तेव्हा आपली गाडी कुठे थांबते ते तिकिटावर वाचलेलं बरं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘फाइल’ असं लिहिलेलं असेल तर ते दृश्य आजचं नाही, एवढं घरातल्या थोरांना सांगून ठेवावं.

मालिकांवर तर अजिबात विसंबू नये. हयातनगरच्या पुढे असलेल्या रामोजी फिल्म सिटीत रेल्वे स्टेशन आणि विमानतळ यांचे कायमचे सेट आहेत. मालिकेतलं स्टेशन खरं स्टेशन असेलच असं नाही.

मग टीव्हीचा उपयोग करायचा कसा? जाऊन-येऊन सरावलेली आदिलाबादची माणसं दृश्याऐवजी खालची पट्टी पाहायला सांगतात, कारण तिथे भागाचं नाव येतं. निम्स दवाखाना म्हणजे पंजागुट्टा, एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल म्हणजे लकडी का पूल, बसवतारकम म्हणजे बंजारा हिल्स, अशी जोडी लक्षात ठेवली की निम्मं काम होतं. तेलुगू वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला पट्टी वाचायला लावावी.

नंतर त्या भागाला मेट्रोचं स्थानक जोडावं. जेबीएसवरून निम्सला जायचं तर परेड ग्राउंडला निळी मेट्रो धरायची, अमीरपेटला लाल मार्गावर बदलायचं आणि पुढच्याच पंजागुट्टा स्थानकावर उतरायचं. रस्त्याने जाणाऱ्यांनी वरच्या पुलाच्या खांबाचा नंबर विचारावा. मेहदीपट्टणम ते आरामघर हा 11.6 किलोमीटरचा पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवे 2009 मध्ये झाल्यापासून त्या पट्ट्यातली दुकानं आणि दवाखाने ‘पिलर नंबर अमुक’ असाच पत्ता सांगतात. मेट्रोखालच्या रस्त्यांवरही तीच रीत आहे. हा नंबर बातमीच्या दृश्यात सहसा दिसत नाही, पण रिक्षावाल्याला तेवढा पुरतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक कागद करा. त्यावर दवाखान्याचं पूर्ण नाव, भाग, जवळचं स्थानक आणि मिळाला तर खांबाचा नंबर तेलुगू आणि इंग्रजीत लिहून घ्या. त्याची एक प्रत रुग्णाच्या खिशात आणि दुसरी सोबत येणाऱ्याकडे द्या, आणि बसमधून उतरल्यावर कुणालाही रस्ता विचारताना तो कागदच पुढे करा.