धांवतांना धाप कां लागते?

क्रीडांगणास चार फेऱ्या घालून आलेल्या मुलास धाप लागण्याचें कारण विचारलें, तर ‘रक्तांतला प्राणवायु संपला’ असें उत्तर तो बहुधा देतो. ही समजूत बरोबर नाहीं. आणि विहिरींत बुड्या मारणाऱ्या मुलांच्या तर ती जिवावर बेतूं शकते, म्हणून हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

आपण आंत घेतों त्या हवेच्या १०० भागांत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. बाहेर सोडतों त्या हवेंतहि १६ भाग शिल्लकच असतो. कर्बाम्लवायु मात्र आंत जातांना नांवापुरता, ०.०४ भाग, आणि बाहेर येतांना सुमारें ४ भाग. ही देवघेव फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या पातळ पडद्यांतून चालते. ज्या वायूचा दाब जेथें अधिक, तेथून जेथें कमी तिकडे तो आपण होऊन जातो.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्यास मिनिटास सुमारें पाव लिटर प्राणवायु पुरतो. जोरानें धांवतांना हाच खर्च दहापट किंवा अधिकहि होतो. मग हृदय ५ लिटरांऐवजीं २० लिटर रक्त मिनिटास पुढें लोटतें. आणि रक्तहि उदार होतें. विश्रांतींत तें आपल्या प्राणवायूचा चौथा हिस्सा काय तो देतें; राबणाऱ्या स्नायूंत तीन चतुर्थांशांपर्यंत देऊन टाकतें. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर व त्यांचे सहकारी यांनीं १९०४ सालीं दाखविलें कीं, कर्बाम्लवायूच्या सान्निध्यांत रक्ताची प्राणवायूवरील पकड ढिली होते. ज्यास आपण टाकाऊ म्हणून हिणवतों, तोच असा उपयोगी पडतो!

इतका खर्च होऊनहि निरोगी मनुष्याच्या फुफ्फुसांतून निघणारें रक्त प्राणवायूनें जवळजवळ भरलेलेंच असतें. मग धाप कशानें? स्नायूंस निघालेल्या आज्ञेबरोबरच मेंदूच्या तळाशीं असलेलें श्वसनकेंद्र जागें होतें, आणि कर्बाम्लवायूची किंचित् वाढहि त्यास खपत नाहीं. श्वासाचा लगाम मुख्यतः या वायूच्या हातीं आहे, हें हॉल्डेन व प्रीस्टली यांनीं १९०५ सालीं दाखविलें. सृष्टिकर्त्यानें नेमलेला हा पहारेकरी चुलींतलें सरपण मोजीत बसत नाहीं. धूर दिसला कीं हांक मारतो.

आतां विहिरीकडे वळूं. तळाचा दगड आणण्याची पैज लागते, आणि मुलगा बुडीपूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेतो. आपण प्राणवायूचा सांठा करतों असें त्यास वाटतें. रक्त आधींच भरलेलें असल्यामुळें सांठा फारसा वाढत नाहीं. कर्बाम्लवायु मात्र धुऊन निघतो, आणि पहारेकरी झोपीं जातो. पाण्याखालीं हातपाय मारतांना प्राणवायु झपाट्यानें उतरतो, तरी श्वासाची निकड वाटत नाहीं. गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वींच शुद्ध हरपते, आणि कांठावरच्या सोबत्यांस तो अजून दगडच शोधीत आहे असें वाटतें. यांत चांगले पोहणारेहि सांपडतात. बुडीपूर्वीं एक साधा श्वास पुरे, निकड वाटतांच वर यावें, आणि एकट्यानें बुडी मारूं नये, हें पालकांनीं घरीं मुलांस समजावून सांगावें. वर्गांत आम्हीं तें सांगितलेंच आहे.