ट्रॉलीची जोडणी व भाराची वाटणी

तेल्हारा तालुक्यात कापूस, तूर, हरभरा व सोयाबीन हा माल बाजारात नेण्याचे काम पूर्वी बंडी करीत असे. आता ते बहुतांशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने होते. ट्रॉली घेताना तिचा आकार व टायर पाहिले जातात. परंतु ती ट्रॅक्टरला कोठे व कशी जोडावयाची, याचा विचार क्वचितच होतो. चढावर ट्रॅक्टर मागे उलटण्याचे बीज पुष्कळदा याच जोडणीत असते.

बंडीत ओझे मागे गेले तर ती उलाळ होते. फार पुढे आले तर बैलांची मान दबते. म्हणून जाणता गाडीवान थोडाच भार जुवावर येऊ देतो. दोनचाकी ट्रॉलीला हाच नियम लागू आहे. तिच्या भाराचा काही अंश ट्रॅक्टरच्या हूकवर येतो. त्यामुळे मागील चाकांची पकड वाढते, पण पुढील चाके हलकी होतात. चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर राहतो व हूकवर मुख्यतः ओढ येते. मात्र ती मागे घेणे अवघड असते.

हूकची उंची महत्त्वाची आहे. समजा, मालासह ट्रॉलीचे वजन 4 टन असून वाट दहा फुटांस एक फूट चढते. केवळ चढामुळे सुमारे 400 किलो ओढ लागते. मातीचा अडथळा धरून ती 500 किलो मानावी. पुढील व मागील चाकांच्या आसांतील अंतर 200 सेंटिमीटर आणि हूक जमिनीपासून 50 सेंटिमीटर उंच असेल, तर पुढील चाकांवरील 125 किलो भार कमी होतो. हूक 80 सेंटिमीटरवर असल्यास 200 किलो कमी होतो. याशिवाय दोनचाकी ट्रॉलीने मागील आसाच्या 60 सेंटिमीटर मागे 400 किलो दाब दिला, तर आणखी 120 किलो घटतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिला पाहिजे. एरवी स्टिअरिंग वळत नाही.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. ट्रॉली उत्पादकाने ओढीसाठी दिलेल्या खालच्या ड्रॉबारलाच किंवा हूकला जोडावी. टॉप लिंकच्या जागी ती कधीही जोडू नये.

2. पिन योग्य जाडीची, पोलादी व वरून घातलेली असावी आणि तिला खाली अडकखीळ लावावी. पिनेऐवजी सळई वापरू नये. सुरक्षासाखळीही जोडावी.

3. कट्टे रचताना भार ट्रॉलीच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावा. मागे ठेवल्यास हूक वर उचलला जातो.

4. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र अडकवावेत. उतारावर गिअर न्यूट्रल करू नये.

5. स्टिअरिंग हलके लागल्यास भार कमी करावा अथवा पुढे वजने लावावीत. चढावर पुढील चाके उचलू लागताच क्लच दाबावा. मात्र चालकास तेवढा अवधी मिळेलच असे नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावात एक प्रात्यक्षिक करावे. सपाट जागी चाकांना उटी लावून ट्रॉलीची दांडी पुरेशा क्षमतेच्या वजनकाट्यावर टेकवावी. दोन-चार कट्टे मागेपुढे सरकवताच आकडा कसा बदलतो, हे शेतकऱ्यांना स्वतः पाहू द्यावे. बंडीत बैल मान हलवून चूक दाखवून देत असे. ट्रॅक्टर ती दाखवीत नाही. ती काट्यावर पाहून घ्यावी.