कागद तळापर्यंत वाचा

आपल्याकडे न्यायाधीश मतांनी निवडत नाहीत. हायकोर्टाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेत मात्र पुष्कळ राज्यांत लोकच मत देऊन न्यायाधीश निवडतात. नॉर्थ कॅरोलायना हे असेच एक राज्य. तेथल्या सर्वांत वरच्या कोर्टात ७ न्यायाधीश असतात. एकदा निवडून आला की तो न्यायाधीश ८ वर्षे बसतो. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, हे तेच कोर्ट शेवटी ठरवते.

तेथे एकाच दिवशी पुष्कळ निवडणुका होतात. त्यामुळे मतपत्रिका लांबलचक असते. राष्ट्राध्यक्षाची नावे वर, न्यायाधीशांची खूप खाली. कित्येक जण वरची खूण करतात आणि खालची जागा कोरी सोडतात. म्हणतात, "कोर्टाशी आपला काय संबंध?"

संबंध कसा नाही? २०२४ साली तेथे अ‍ॅलिसन रिग्ज या बाई आणि जेफरसन ग्रिफिन यांची लढत झाली. सुमारे ५५ लाख मते पडली. रिग्जबाई जिंकल्या, त्या फक्त ७३४ मतांनी! मतांवरून तंटा झाला. तो सहा महिने चालला आणि मे २०२५ मध्ये मिटला.

आता हिशेब करू. राष्ट्राध्यक्षासाठी जेवढी मते पडली, त्यांपेक्षा न्यायाधीशासाठी दीड लाखाहून अधिक मते कमी पडली. कुठे ७३४ आणि कुठे दीड लाख!

म्हणून आम्ही म्हणतो, मतदार अमेरिकेचा असो की आपल्या गावचा, त्याने मतपत्रिका तळापर्यंत वाचावी. आपण कोरी सोडलेली जागा दुसऱ्याच्या मताने भरते.